दोन फेरे डावीकडे

यंत्राला एकच कोंबडी ठाऊक आहे.
दोन किलो आठशे ग्रॅम, छाती रुंद, पाय सारखे.
तिच्या मापाने त्याचा चमचा मागून आत शिरतो,
वळतो, आणि एका हिसक्यात
काळीज, पेटा, आतडी
सगळं अख्खं बाहेर, पित्ताची पिशवीसुद्धा न फुटता.
तासाला नऊ हजार वेळा.

मी इवो बोर्तोलान्झा, रात्रपाळीचा फिटर.
ब्राझीलच्या या थंड टोकाला
सत्तावीस वर्षं पाना घेऊन त्याच्या कुशीत उभा.
पिसं उपटणारी रबरी बोटं झिजली की मीच बदलतो,
जुनी बादलीभर घरी नेतो,
बायको त्यांनी टोमॅटोचे वेल बांधते.

मंगळवारी पहाटे तीनला थोडं कमी असताना
रोझमेनने हात वर केला.
ती हैतीची, तपासणीच्या दिव्याखाली उभी असते.
पोर्तुगीज अजून अडखळतं तिचं,
पण फाटलेलं आतडं कुठल्याही भाषेत हिरवंच दिसतं.
आकडे पुढून सरकत होते.
फाटकं, फाटकं, फाटकं, एक बरं, फाटकं.

मी लाल बटण दाबलं.
वर्षातून दोनदा-तीनदा ऐकू येते तेवढी शांतता.
वरची साखळी जरा झुलत राहिली.
कुठेतरी नळ गळत होता, तो बहुधा रोजच गळत असणार.
आणि मांड्या सोडवणाऱ्या बायकांचे हात
सुरीसकट हवेतच दोन-तीनदा फिरले,
मग त्यांच्या लक्षात आलं.

एक पक्षी काढून तराजूवर टाकला: एक किलो नऊशे.
दुसरा त्याहून हलका.
चमचा इतका खोल गेला, कारण आत
तेवढी खोलीच नव्हती.
पेटा चिरून पाहिला.
दाणा नसणारच, आदल्या रात्री कुणी खायला घालत नाही.
पण भुसा होता. लाकडाचा, ओला, गच्च.
उपाशी कोंबडी आपलं अंथरूण खाते.

पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर शेडचा नंबर, चारशे सतरा.
नेल्सी स्कुस्सियातो. माझा मेहुणा.
परवाच्या रविवारी त्याच्या अंगणात बरगड्या भाजत होतो,
मी सहज विचारलं, पक्षी कसे आहेत?
‘चांगले,’ म्हणाला, आणि निखाऱ्यांकडे बघत राहिला.
दाण्याचा ट्रक आलाच नाही,
की आला आणि त्याने तो परस्पर विकला,
पेटा एवढं सांगत नाही.

देबोराचा फोन: किती मिनिटं?
चार, मी म्हणालो.
बाजूचं चाक धरलं, दोन फेरे डावीकडे.
चमचा दोन बोटं वर आला.
यंत्राने वाद घातला नाही.
आता त्याला ही कोंबडी ठाऊक,
जणू जगात कधी दुसरी नव्हतीच.

मग तो कागद. थांबण्याचं कारण, तीन चौकोन:
यंत्र, माणूस, पक्षी.
पक्ष्यावर खूण केली तर सकाळी नऊला
पांढरी गाडी नेल्सीच्या फाटकाशी.
माणसावर केली तर रोझमेन,
कारण दिव्याखाली तीच होती.
पेन थंडीने उमटेना, काखेत धरून गरम केलं.
सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदा
त्याच्यावर खोटा आळ घेतला.

रोझमेन बघत होती. ती काही बोलली नाही,
फक्त हातमोज्याने टेबलावरचा भुसा
गटाराच्या जाळीत ढकलला आणि पाणी सोडलं.
का, ते मला माहीत नाही. विचारलंही नाही.

सहाच्या सुमारास दुसऱ्या शेडचे पक्षी लागले,
धष्टपुष्ट, मापातले.
दोन फेरे उजवीकडे.
पण आटे जुने झाले की त्यांच्यात ढील येते,
दोन फेरे गेलेलं चाक दोन फेऱ्यांत
नेमकं तिथेच परत येत नाही.
केसभर राहतं. ते कानाने शोधावं लागतं.
मी कान लावून उभा होतो
तेव्हा पाळी सुटल्याचा भोंगा झाला.

या रविवारी बरगड्या आणायची पाळी माझी.